खरेदीचा हिशेब : बिनसाखरेचा चहा

आज पाळी कोकोची होती. आयव्हरी कोस्ट, घाना आणि चॉकलेट कंपन्यांनी २००१ साली देऊन पुढे ढकलत नेलेलं बालमजुरी संपवण्याचं वचन, असं सगळं ठरलेलं होतं. पण या लेखमालेतला गालिच्यांवरच्या ‘बालमजुरीविना’ लेबलाचा लेख वाचून सांगली जिल्ह्यातल्या एका वाचक बाईंचं पत्र आलं. गालिचा आम्ही जन्मात एकदा घेणार, तोही घेतला तर. साखर मात्र रोज लागते, मग तिच्यावर तसलं लेबल का नाही, असं त्यांनी विचारलंय. प्रश्न इतका रास्त आहे की कोकोला एक आठवडा थांबावं लागेल.

गंमत अशी की साखरेवर लेबल लावायचा प्रयोग दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेला आहे, आणि तोही हिंदुस्थानातून गेलेल्या साखरेवर.

सुरुवात १७९१च्या एप्रिलात झाली. गुलामांचा व्यापार थांबवण्याचा विल्यम विल्बरफोर्सचा प्रस्ताव ब्रिटिश पार्लमेंटात १६३ विरुद्ध ८८ मतांनी आपटला. खासदार ऐकत नाहीत म्हटल्यावर विल्यम फॉक्स नावाच्या पत्रकलेखकानं सरळ घरोघरच्या चहाकडे मोर्चा वळवला. वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडा, असं सांगणारी त्याची पुस्तिका त्याच वर्षी निघाली आणि वर्षभरात तिच्या पंचवीसेक आवृत्त्या खपल्या. फॉक्सची खरी करामत हिशेबात होती. आठवड्याला पाच पौंड, म्हणजे सव्वादोन किलो साखर आणि त्या बेतानं रम वापरणाऱ्या एका कुटुंबानं २१ महिने दोन्ही वर्ज्य केली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळते, असं त्यानं मांडलं. अशा आठ कुटुंबांनी साडेएकोणीस वर्षं नेट धरला तर शंभर माणसं वाचतात.

आकडे काटेकोर होते असं नाही. पण लांबच्या बेटावरचं पाप प्रत्येकाच्या कपात किती येतं हे मोजून दाखवणारा तो पहिल्या काही माणसांपैकी एक होता. थॉमस क्लार्कसन तेव्हा प्रचारासाठी देशभर फिरत होता. त्याच्या अंदाजानं तीन लाख लोकांनी साखर सोडली. हे लोण इतकं पसरलं की १७९२च्या मार्चमध्ये व्यंगचित्रकार जेम्स गिलरेनं खुद्द राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांना बिनसाखरेचा चहा पिताना रंगवलं. राणी मुलींना चहा किती छान लागतो ते पटवते आहे आणि राजकन्यांची तोंडं वाकडी झाली आहेत.

या चळवळीचा कणा बायका होत्या. त्यांना मत नव्हतं, पार्लमेंटात जागा नव्हती. पण घरात कुठली साखर येणार हे त्या ठरवत होत्या. १८२४ साली लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिकनं गुलामी हळूहळू नको, ताबडतोब बंद करा, अशी पुस्तिका लिहिली. चळवळीतले पुरुष पुढारी तेव्हा हळूहळूच्याच बाजूचे होते. हेरिक आणि तिची मैत्रीण सुझॅना वॉट्स लेस्टरमध्ये दारोदार फिरून बायकांना वेस्ट इंडीजची साखर सोडायला सांगत.

मग चहात घालायचं काय? इथं हिंदुस्थानी साखर येते. लंडनजवळच्या पेकममध्ये बी. हेंडरसन नावाच्या बाईंचं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान होतं. तिथं मिळणाऱ्या साखरदाण्यांवर सोनेरी अक्षरांत छापलेलं असे, की ही ईस्ट इंडियाची, गुलामांनी न बनवलेली साखर आहे. सहा कुटुंबांनी ती वापरली तर एक गुलाम कमी लागतो, असाही मजकूर त्यावर होता. सांगलीच्या बाई विचारतात ते लेबल हेच.

त्या लेबलामागची तपासणी कुणी केली होती? कुणीच नाही. साखरदाणीवर ती अक्षरं झळकत होती तेव्हा कंपनी सरकारच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार होता. तो निघाला १८४३च्या पाचव्या कायद्यानं. ईस्ट इंडिया साखरेचा मोठा पुरस्कर्ता जेम्स क्रॉपर हा लिव्हरपूलचा व्यापारी होता, आणि त्याच साखरेची आयात करत होता. त्याची गुलामीबद्दलची चीड खरी होती, पण धंदाही खरा होता. लेबल कोण लावतो आणि पैसे कोण कमावतो, हे दोन प्रश्न एकत्र विचारायची सवय तिथूनच लावून घ्यायला हवी होती.

मग बहिष्कार फुकट गेला का? मळेवाल्यांच्या खिशाला त्याची फारशी झळ लागली नाही. १७९१च्याच ऑगस्टमध्ये सेंट डोमिंगच्या, म्हणजे आजच्या हैतीच्या, गुलामांनी उठाव केला. जगातला सगळ्यात मोठा साखरपुरवठा कोलमडला आणि भाव चढले. चळवळीची कमाई वेगळी होती. लाखो माणसांनी रोज एक छोटी गोष्ट नाकारली, आणि तीच माणसं पुढे अर्जांवर सह्या करायला तयार झाली. १८०७ साली व्यापार बंद झाला आणि १८३३ साली गुलामी रद्द करणारा कायदा झाला. नुकसानभरपाईचे दोन कोटी पौंड मंजूर झाले ते मालकांना. गुलामांना छदामही मिळाला नाही.

मळ्यांवर ऊस तोडायला माणसं तर हवीच होती. २ नोव्हेंबर १८३४ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ हिंदी मजूर मॉरिशसला उतरले, करारावर अंगठा देऊन. पाठोपाठ लाखो गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये कोकणातली माणसं होती. मॉरिशसच्या आजच्या मराठी भाषकांचे पूर्वज तेच. इकडे १८४६ साली ब्रिटननं साखरेवरच्या जकातीतला भेद काढायला घेतला आणि क्युबा-ब्राझीलची साखर स्वस्त झाली. ती साखर गुलामांनीच पिकवलेली होती. ज्या देशात राजाच्या बिनसाखरेच्या चहाचं चित्र निघालं होतं, त्यानं अर्ध्या शतकानंतर ती बिनदिक्कत चहात ढवळली.

आता आपल्या साखरेकडे येऊ. दसरा-दिवाळीनंतर बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो आणि पुढचे पाच-सहा महिने ती तोडणीतून फेडायची असते. एक दिवस खाडा झाला तर मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. हंगामाअखेर उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. आगाऊ रकमेपोटी माणसाचं दुसरीकडे काम करायचं स्वातंत्र्य जात असेल, तर १९७६चा कायदा त्याला वेठबिगारी म्हणतो. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम ही सक्तीची मजुरी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ सालीच सांगितलं आहे.

नीलम गोऱ्हे समितीनं २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, कोपीजवळ, म्हणजे राहत्या झोपडीजवळ, ना संडास ना आडोसा, आणि आजार अंगावर काढला की शेवटी दवाखाना थेट शस्त्रक्रियाच सांगतो. २०२४च्या मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’नं हे जगापुढे मांडलं, आणि या पट्ट्यातली साखर कोका-कोला आणि पेप्सीसारख्या कंपन्यांकडे जाते हेही.

बाईंच्या प्रश्नाचं उत्तर इथं मिळतं. एका दिवशी कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा ऊस कित्येक टोळ्यांनी तोडलेला असतो. पोत्यावर कारखान्याचं नाव आणि एस-३० की एम-३० एवढं कळतं. वाण्यानं कागदाच्या पुडीत बांधली की तेवढंही नाही. घरच्या ग्राहकाला निवडायला काही उरतच नाही. साखर सोडून गूळ आणला तर गुऱ्हाळाचा ऊस तोडायलाही माणसंच लागतात.

फ्लोरिडातल्या इमोकली गावच्या टोमॅटो मजुरांनी ही गाठ वेगळ्या रीतीनं सोडवली. घरोघरी टोमॅटो सोडा असं सांगत न बसता त्यांनी २००१ साली टॅको बेल या उपाहारगृहांच्या साखळीवर बहिष्कार पुकारला आणि विद्यार्थी त्यांच्या बाजूनं उतरले. चार वर्षांनी, २००५ साली, कंपनीनं पौंडामागे एक सेंट जादा द्यायचं कबूल केलं, आणि तो सेंट तोडणाऱ्याच्या मजुरीत पडू लागला. पुढे मॅकडोनल्ड्स आणि वॉलमार्टही करारात आले. ज्या मळ्यात सक्तीची मजुरी सापडेल त्याचा माल हे बडे ग्राहक घेत नाहीत. नियम लिहिण्यात मजुरांचा हात आहे आणि तक्रार केली तर नोकरी जात नाही. पेकमच्या साखरदाणीत नेमकं हेच नव्हतं.

महाराष्ट्रात आणखी एक जागा आहे आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरात सहकारी कारखान्याचा शेअर आहे. दिवाळीला सवलतीची साखर घरी येते ती त्याच नावावर. म्हणजे इथला वाचक नुसता गिऱ्हाईक नाही, कागदोपत्री मालकांपैकी एक आहे. तोडणीचे करार बहुधा तोडणी-वाहतूक संस्था आणि मुकादमाच्या नावानं होतात, त्यामुळे कारखाना हात वर करू शकतो. सभासदाला मात्र वार्षिक सभेत उभं राहून विचारता येतं.

ती सभा सहसा सप्टेंबरअखेर असते. उसाचा भाव आणि डिस्टिलरीवर बोलून झालं की एवढं विचारावं: उचल कुणाच्या नावावर लिहिली जाते, मजुराला तिचा कागद मिळतो का? खाड्याचा दंड कारखान्याला मान्य आहे का? कोप्यांपाशी पाणी आणि संडास किती? गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे ठरलेले १० रुपये पूर्ण भरले का? प्रश्न लेखी द्यावेत, म्हणजे इतिवृत्तात येतात. मिळालेली उत्तरं, आणि न मिळालेलीही, या लेखमालेकडे पाठवावीत. ती इथं छापली जातील.