रिकामं घर आणि ठरलेला वार

जून-जुलैत प्रवेशाच्या याद्या लागल्या की सोलापूर स्टेशनवर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला गादी, बॅगा आणि चटणीचे डबे घेऊन मुलांना पोचवायला आलेले आईबाप दिसतात. मुलं पुण्याला शिकतात, तिथंच नोकरीला लागतात. काही पुढं हैदराबाद-बंगळूरला जातात, काही परदेशी. चादरी-टॉवेलच्या या गावात त्यांच्या शिक्षणाला साजेशा नोकऱ्या थोड्या. त्यामुळे जुळे सोलापूर, होटगी रोडच्या कितीतरी घरांत पन्नाशी-साठीची दोनच माणसं उरली आहेत. त्यांना सल्ला ठरलेला असतो: काहीतरी समाजसेवा करा, मन रमेल. सल्ला चांगलाच आहे, पण त्याभोवती गैरसमजांचं इतकं जाळं आहे की बरेच जण सुरुवातच करत नाहीत आणि करणारे दोन महिन्यांत गळतात.

पहिला गैरसमज हा, की मुलं गेल्यावर येणारं रितेपण म्हणजे आजार आणि सेवा हे त्याचं औषध. वैद्यकात असा कुठलाही आजार नोंदलेला नाही. उलट चाळिशीपासून साठीपर्यंतच्या अमेरिकी स्त्रियांचा वर्षानुवर्षं माग घेणाऱ्या, 2008 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मुलं घराबाहेर पडल्यावर त्यांचं वैवाहिक समाधान वाढलेलं आढळलं. सुरुवातीचे काही आठवडे जड जाणं स्वाभाविक आहे. पण झोप उडाली, जेवण जाईना, कशातच लक्ष लागेना आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं, तर संस्थेच्या आधी डॉक्टर गाठावा. टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. नैराश्यातल्या माणसाला "जरा बाहेर पड, चार लोकांत मिसळ" म्हणून पिटाळणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

सेवेनं बीपी-शुगर आटोक्यात येते, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. पन्नाशीपुढच्या सुमारे 13 हजार अमेरिकनांवरचा 2020 चा एक मोठा अभ्यास वेगळं सांगतो. वर्षाला किमान शंभर तास स्वयंसेवा करणाऱ्यांत पुढच्या चार वर्षांत मृत्यूचं आणि हिंडण्याफिरण्याच्या अडचणींचं प्रमाण कमी दिसलं, जगण्याला हेतू असल्याची भावनाही जास्त दिसली. मधुमेह, रक्तदाब, पक्षाघात यांत मात्र फरक दिसला नाही. तेव्हा गोळ्या चालूच ठेवाव्यात. 2012 च्या आणखी एका अभ्यासातली गोष्ट मला फार मोलाची वाटते: दीर्घायुष्याचा लाभ दुसऱ्यांसाठी काम करणाऱ्यांत दिसला. स्वतःचं बरं व्हावं म्हणून करणारे आणि काहीच न करणारे जवळपास सारखेच निघाले. "मन रमेल" हे कारण सुरुवातीला पुरतं, टिकायला पुरत नाही.

शंभर तास म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन. म्हणजे "इतका वेळ कुणाकडे आहे" ही शंकाही फिटली. संस्थांना तुमच्या पूर्ण दिवसांची गरज नसते, त्यांना वार हवा असतो. दर मंगळवारी चार ते सहा येणारा माणूस, मनात येईल तेव्हा दिवसभर राबणाऱ्यापेक्षा शंभर पटीनं उपयोगी, कारण त्याच्या भरवशावर काम आखता येतं. आणि मंगळवारी कुणीतरी आपली वाट बघतंय, ही जाणीव त्या रिकाम्या घरालाही हवीच असते.

सर्वांत खोल रुतलेला समज म्हणजे "मला काय येतं? मी तर घरच सांभाळलं." हे बहुतेक बायकाच म्हणतात, आणि ऐकताना वाईट वाटतं. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी एकाच गल्लीत नांदतात. इथली बाई चारही भाषांत भाजी घेते, भांडते, समजूत घालते. आता सिव्हिल हॉस्पिटल डोळ्यांसमोर आणा. इंडी, आळंदकडून आलेला, फक्त कन्नड जाणणारा म्हातारा हातात केसपेपर घेऊन उभा आहे. रक्त कुठं तपासायचं, कागदपत्रं कुठं द्यायची, औषध उपाशीपोटी की जेवून, काहीच उमगत नाही. त्याच्याशी त्याच्या बोलीत दहा मिनिटं बोलणारी, रांगेत सोबत उभी राहणारी बाई ही त्या दिवसाची सर्वांत मोठी सोय असते. दोन मुलांची आजारपणं काढलेल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. प्रशासनाची परवानगी घ्यावी आणि उपचाराबद्दल स्वतःचं मत देऊ नये, एवढं पथ्य मात्र पाळावं.

सोलापुरातल्या विडी कामगार बायकांनाही अशीच सोबत लागते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईला हजाराचा हिशेब तोंडपाठ असतो, पण पीएफच्या कागदावरचा आकडा वाचायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. केंद्राचा 'उल्लास' साक्षरता कार्यक्रम 2022 ते 2027 या काळासाठी आहे आणि तो पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांना स्वयंसेवकांकरवीच शिकवतो. मानधन नाही. वर्गखोलीही लागत नाही. तिच्या उंबऱ्यात, विड्या वळता वळता अक्षरं गिरवता येतात.

पैसा आणि संस्था हवी, हाही समजच. पंढरपूरच्या मंगलताई शाह यांची सुरुवात सरकारी दवाखान्यातल्या गरजू बायकांना घरचं जेवण नेण्यापासून झाली. 2001 मध्ये आईवडील एड्सनं गेलेल्या आणि नातेवाइकांनी टाकलेल्या दोन मुली त्यांना सापडल्या आणि त्यातून एचआयव्हीबाधित मुलांसाठी 'पालवी' उभी राहिली. मुलगी डिंपल त्यांच्याबरोबरच काम करते. प्रत्येकाला 'पालवी' उभारायची नसते. सोलापुरात लोकमंगल या संस्थेच्या अन्नपूर्णा योजनेतून निराधार वृद्धांच्या घरी डबा पोचतो. त्यांच्याशी अर्धा तास बोलत बसायला मात्र शेजारचंच माणूस लागतं आणि त्याला पैसा लागत नाही.

एका बाबतीत मला कठोर व्हावंसं वाटतं. "आपली मुलं लांब, तर बालगृहातल्या मुलांना माया लावू." माया खरी असेल, पण चार महिने आजी-आजोबा होऊन पाचव्या महिन्यात नाहीसे होणारे लोक त्या मुलांना नवीन नसतात. जायचं तर अभ्यास घ्यायला, शिवण शिकवायला जावं आणि वर्षभर तरी जावं. केक कापतानाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नयेत. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार अशा मुलांची ओळख उघड करणं गुन्हा आहे; सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

सेवा म्हणून रक्तदानाचा विचार असेल तर वय बघा. मर्यादा 65 पर्यंत आहे, पण पहिल्यांदाच देणाऱ्याला साठीनंतर घेत नाहीत.

राहिली शेवटची धास्ती: "लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने अमेरिकेला जावं लागलं तर?" जावं की! मात्र पहिल्याच दिवशी संस्थेला तसं सांगावं आणि जोडीनं काम घ्यावं, म्हणजे एक गेली तरी दुसरी असते. तुम्ही परत येईपर्यंत मंगळवार तिच्याकडे.