तबकडीची दुसरी बाजू



गेल्या महिन्यात नववीच्या वर्गातून मोठा गलका ऐकू आला म्हणून आम्ही डोकावलो. शिक्षक रजेवर होते. भांडण क्रिकेटचे असेल असे वाटले, पण निघाले वेगळेच. बीटल्स या इंग्लंडच्या जुन्या रॉक बँडवरून वर्गात दोन तट पडले होते. एका गटाचे म्हणणे, "अल्बममध्ये घेतली नाहीत ती गाणी म्हणजे उरलीसुरली. चांगली असती तर घेतली नसती का?" दुसरा गट म्हणाला, "सर, खरी गाणी बी साइडलाच असतात. अल्बम काय, सगळेच ऐकतात!" आम्ही विचारले, "बी साइड म्हणजे काय रे?" दोन्ही गट गप्प. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्या मुलांनी तबकडी पाहिलेलीच नाही, त्यांना तरी काय बोल लावणार?

योगायोग असा की, याच सुमारास शाळेच्या माळ्यावरील जुन्या तबकड्यांच्या पेटीचे काय करायचे, हा विषय विश्वस्तांपुढे आला आहे. मुलांचे भांडण आणि मोठ्यांचा निर्णय, दोन्हींचे मूळ एकच आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम तबकडीविषयी. भारतात ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ साली, कोलकात्यात. गौहर जान यांचे गाणे तेव्हाच मुद्रित झाले. त्या काळच्या तबकड्यांवर एकाच बाजूला गाणे असे, मागची बाजू कोरी. पुढे दोन्ही बाजूंना गाणे भरण्याची पद्धत आली. लाखेपासून बनवलेली ही तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि एका बाजूला साधारण तीन मिनिटांचे गाणे मावे. तीन मिनिटे झाली की उठून तबकडी उलटायची. आजी-आजोबांना विचारा, हे काम बहुधा घरातल्या मुलांकडे असे.

१९४८ साली अमेरिकेत लाँग प्लेइंग म्हणजे एलपी तबकडी आली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणी मावू लागली आणि अनेक गाणी एका क्रमाने गुंफण्याची सोय झाली. यालाच अल्बम म्हणू लागले. एकेका गाण्याच्या लहान तबकड्याही निघत राहिल्या. त्यांच्या ज्या बाजूवर कंपनीची भिस्त असे ती ए साइड; रेडिओला वाजवायला तीच सांगितली जाई. मागची ती बी साइड.

मग मागच्या बाजूला कमी प्रतीचे गाणे असे का? कधी कधी असेही. फिल स्पेक्टर नावाचा अमेरिकी निर्माता मागच्या बाजूला मुद्दाम साधे वाद्यवादन घाली, म्हणजे रेडिओवाले तबकडी उलटणारच नाहीत! तेव्हा "खरी गाणी बी साइडलाच" म्हणणाऱ्या गटानेही थोडे सबुरीने घ्यावे.

पण कंपनीचा अंदाज चुकल्याचीही उदाहरणे आहेत. बिल हेली यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक' हे गाणे १९५४ साली निघाले ते दुसऱ्याच एका गाण्याच्या पाठीवर, आणि फारसे चालले नाही. १९५५ साली एका चित्रपटाच्या सुरुवातीला ते वाजले आणि त्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. तो चित्रपट एका शाळेतील दांडगट मुलांविषयी होता, हे मुख्याध्यापक या नात्याने नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

आता बीटल्सकडे वळू. १९६८ च्या जानेवारीत त्यांचे जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठी मुंबईला आले होते. तिथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी भारतीय वादकांना घेऊन आणखी एका गाण्याचे संगीत मुद्रित केले. शब्द मागाहून लंडनमध्ये गायले. या 'द इनर लाइट' गाण्याचा आशय चीनच्या 'ताओ ते चिंग' या प्राचीन ग्रंथावरून घेतलेला आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये ते 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला निघाले. बीटल्स एकत्र होते तोवर त्यांच्या कोणत्याही अल्बममध्ये ते आले नाही. अल्बमच तेवढे खरे मानले, तर आपल्या मुंबईत घडलेले हे काम हिशेबातूनच गळते.

अल्बममध्ये न घेतलेले ते हलके, हेही खरे नाही. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' आणि 'पेनी लेन' ही दोन गाणी १९६७ साली एका लहान तबकडीवर निघाली आणि त्याच वर्षीच्या 'सार्जंट पेपर' या गाजलेल्या अल्बममधून वगळली गेली. ती वगळणे ही मोठी चूक झाली, असे त्यांचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनीच पुढे सांगितले.

मग अल्बमला महत्त्व नाही काय? आहे, आणि ते मराठी माणसाला समजावून सांगायला नको. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे गीतरामायणातील ५६ गीते प्रसारित झाली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत. त्यातले एकच गीत ऐकले तरी मन भरते, पण ओळीने सारी ऐकली की रामकथा उभी राहते. चांगल्या अल्बमचे तसेच असते. तेव्हा गाणे तोलावे गाणे म्हणून आणि अल्बम तोलावा त्याच्या गुंफणीवरून. पुढची बाजू कोणती, हे विक्रेता ठरवतो. मोल मात्र ऐकणाऱ्याने ऐकूनच ठरवायचे असते.

याचा अनुभव आम्हालाही आला. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. कुमार गंधर्व आम्हाला ठाऊक होते ते देवासचे, कबीराची निर्गुणी भजने गाणारे. या भागात नोकरीला आल्यावर कळले की त्यांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा, कन्नड भाषिक घरातला. पुढे 'अजुनी रुसून आहे' हे त्यांनी गायलेले कवी अनिलांचे गीत ऐकले आणि वाटले, इतकी वर्षे आपण एकच बाजू ऐकत होतो.

आता पेटीविषयी. आपल्या गावातील जुन्या घरांनी विश्वासाने दिलेल्या या तबकड्या आहेत. मराठी, कन्नड, हिंदी, सगळ्या एकाच पेटीत नांदत आहेत. नावाजलेली गाणी तेवढी संगणकावर उतरवून घ्यावीत, बाकीचे काढून टाकावे, अशी सूचना आली आहे. जागेची अडचण खरी आहे आणि सूचना सद्हेतूनेच आली आहे. तरीही एक कबुली द्यावीशी वाटते. काही वर्षांपूर्वी अशीच साफसफाई आमच्या हातून झाली होती. लेबलावरचे नाव ओळखीचे ते ठेवले, बाकीचे रद्दीत घातले. नंतर एक माजी विद्यार्थिनी आल्या. त्यांच्या वडिलांनी दिलेल्या तबकडीच्या मागच्या बाजूचे गाणे त्यांना आईसाठी हवे होते. आई अंथरुणाला खिळून होत्या. तबकडी गेलेली होती. बाई एका शब्दाने रागावल्या नाहीत, पण आमची मान वर झाली नाही. ती मागची बाजू आम्ही ऐकलीसुद्धा नव्हती.

म्हणून विश्वस्त मंडळींना विनंती की, सर्व तबकड्यांच्या दोन्ही बाजू उतरवून घेण्यास परवानगी द्यावी. एका बाजूला तीन मिनिटे, म्हणजे काही शनिवारांचे काम. फक्त ७८ फेऱ्यांचा आणि त्या जोगी रुंद सुई असलेला रेकॉर्ड प्लेअर लागेल. एलपीची बारीक सुई या जुन्या खाचांत नीट चालत नाही. कोणा पालकांकडे असा प्लेअर असल्यास शाळेला थोडे दिवस द्यावा.

नोंदवहीचे काम नववीच्या त्या दोन्ही गटांकडे सोपवण्याचा विचार आहे. एका गटाने पुढची बाजू लिहावी, दुसऱ्याने मागची, आणि दर शनिवारी अदलाबदल करावी. भांडण चालू राहिले तरी हरकत नाही. फक्त आधी दोन्ही बाजू ऐकाव्यात, मग भांडावे.

आपला,
मुख्याध्यापक