नऊ डर्बी, एक वर्ष तुरुंग आणि आयुष्यभराची भूक : जॉकी लेस्टर पिगॉटची गोष्ट

27 ऑक्टोबर 1990. न्यूयॉर्कचं बेलमाँट पार्क रेसकोर्स. ब्रीडर्स कप माईल ही मोठी शर्यत सुरू आहे. रॉयल अकॅडमी नावाचा घोडा आधी मागे असतो. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो एकेकाला गाठत पुढे येतो आणि अगदी रेषेजवळ मानेच्या अंतराने जिंकतो.

त्याच्या पाठीवरच्या जॉकीचं वय 54. पाच वर्षांपूर्वी त्याने निवृत्ती घेतली होती. मधलं एक वर्ष तुरुंगात गेलं होतं. आणि पुन्हा शर्यतीत उतरून त्याला फक्त 12 दिवस झाले होते.

हा जॉकी म्हणजे इंग्लंडचा लेस्टर पिगॉट. या वयात, एवढ्या खंडानंतर त्याला हे जमलं कसं? त्याचं उत्तर शोधायचं तर आधी वजनकाट्याकडे जावं लागतं.

जॉकीचं वजन एवढं महत्त्वाचं का?

शर्यतीत कोणत्या घोड्याने किती वजन वाहायचं, हे आधीच ठरलेलं असतं. त्यात जॉकी, त्याचे कपडे आणि खोगीर, सगळं आलं. शर्यतीआधी जॉकी खोगीर घेऊन काट्यावर उभा राहतो. वजन कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या घालून ते पुरं करतात. जास्त भरलं, तर घोड्यावर नाहक बोजा. मग मालक दुसरा जॉकी शोधतो. शर्यत संपल्यावर जिंकलेल्या जॉकीला पुन्हा काट्यावर जावंच लागतं.

थोडक्यात, कितीही हुन्नर असला तरी काट्यावर नापास झालेला जॉकी घरी बसतो.

पिगॉटची उंची 5 फूट 8 इंच. चारचौघांत ही साधी उंची, पण जॉकींच्या घोळक्यात तो ताडमाड दिसायचा. त्याचं टोपणनावच पडलं 'लाँग फेलो'. एवढ्या उंचीच्या माणसाने त्याने वर्षानुवर्षं साधारण 53-54 किलो वजन राखलं. हे त्याच्या नैसर्गिक वजनापेक्षा दहा-बारा किलोंनी तरी कमी होतं. जेवण नावापुरतं, घाम काढून वजन उतरवणं रोजचं आणि भूक मारायला कॉफी नि सिगार. ऐकायला भारी वाटतं, पण शरीराचे हे हाल त्याने तीन दशकांहून जास्त काळ केले.

बाराव्या वर्षी पहिला विजय

पिगॉटचा जन्म 5 नोव्हेंबर 1935 चा. घरात आजोबांपासून घोडे आणि शर्यती. त्याला लहानपणापासून कमी ऐकू यायचं, बोलणंही अडखळत. 18 ऑगस्ट 1948 रोजी हेडॉकच्या मैदानावर त्याने पहिली शर्यत जिंकली, तेव्हा तो 12 वर्षांचा होता.

1954 मध्ये, अठराव्या वर्षी, 'नेव्हर से डाय' या घोड्यावर त्याने एप्सम डर्बी जिंकली. तीन वर्षांच्या घोड्यांची ही शर्यत 1780 पासून चालत आली आहे. मुंबईत महालक्ष्मीला होणारी इंडियन डर्बी याच परंपरेतली.

पण त्याच महिन्यात रॉयल ॲस्कॉटला धोकादायक पद्धतीने घोडा चालवल्याचा ठपका ठेवून त्याला बाहेर बसवण्यात आलं. 'नेव्हर से डाय'ने पुढे सेंट लेजर जिंकली, ती दुसऱ्याच जॉकीसोबत.

त्याचं वेगळेपण काय होतं?

पिगॉट रिकिबी खूप आखूड बांधायचा. त्यामुळे तो घोड्याच्या पाठीवर उंच, जवळजवळ दुमडून बसल्यासारखा दिसायचा. बरोबर क्षणापर्यंत थांबून मग घोडा सोडण्यात तो वाकबगार होता.

दुसरी गोष्ट म्हणजे चांगला घोडा मिळवण्यासाठी तो कुणाची भीड ठेवायचा नाही. 1972 च्या डर्बीत 'रॉबर्टो'वर आधी बिल विल्यमसन बसणार होता. तो नुकताच पडून सावरला होता. मालकाने ऐनवेळी त्याला बाजूला करून पिगॉटला घेतलं. फोटो बघून निकाल लावावा लागला, इतक्या कमी अंतराने पिगॉट जिंकला. मात्र प्रेक्षकांची सहानुभूती विल्यमसनकडे होती.

1970 मध्ये 'निजिन्स्की'वर त्याने टू थाउजंड गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर या तिन्ही शर्यती जिंकल्या. इंग्लंडमध्ये हा तिहेरी मुकुट त्यानंतर आजवर एकाही घोड्याला मिळालेला नाही.

1981 मध्ये सुरुवातीच्या गेटपाशी झालेल्या अपघातात त्याचा कान जवळजवळ तुटला. टाके पडले. आठवड्याभरात त्याने 'फेअरी फूटस्टेप्स'वर वन थाउजंड गिनीज जिंकली.

मग तुरुंग कशासाठी?

1985 मध्ये निवृत्त होऊन तो न्यूमार्केटला घोडे तयार करू लागला. दोनच वर्षांत करचुकवेगिरीचं प्रकरण कोर्टात उभं राहिलं. 30 लाख पौंडांहून जास्त उत्पन्न त्याने लपवलं होतं. ऑक्टोबर 1987 मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यातले 366 दिवस त्याने तुरुंगात काढले. राणीकडून मिळालेला ओबीई हा किताबही काढून घेण्यात आला.

बाहेर आल्यावर दोन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1990 ला तो पुन्हा खोगिरावर बसला. जुने ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन यांनी त्याच्या हाती 'रॉयल अकॅडमी' सोपवला आणि पुढे बेलमाँटला जे झालं ते झालं. 1992 मध्ये, 56 व्या वर्षी, 'रॉड्रिगो दे ट्रायानो'वर त्याने टू थाउजंड गिनीज जिंकली. इंग्लंडच्या क्लासिक शर्यतींमधला हा त्याचा 30 वा विजय. हा विक्रम आहे.

आकड्यांत पिगॉट कुठे?

नऊ एप्सम डर्बी, 11 वेळा चॅम्पियन जॉकी, ब्रिटनमधल्या सपाट शर्यतींत 4,493 विजय. एकूण विजयांच्या यादीत तो पहिला नाही. गॉर्डन रिचर्ड्स आणि पॅट एडरी त्याच्या पुढे आहेत. पण डर्बीत त्याच्या जवळपासही कुणी नाही.

29 मे 2022 रोजी, 86 व्या वर्षी त्याचं निधन झालं. ब्रिटनमधल्या जॉकींच्या पुरस्कारांना 'लेस्टर्स' म्हणतात, ते त्याच्याच नावावरून.

बंदी आली, अपघात झाले, तुरुंगवास झाला, तरी तो परत आला. दरवेळी परतीचं दार एकच होतं, वजनकाटा. हुन्नर अंगात होताच. पण पाच वर्षं शर्यतीबाहेर राहिलेल्या 54 वर्षांच्या माणसाला पुन्हा घोड्यावर बसता आलं, कारण काट्यावर तो तेव्हाही पास होत होता.