ढालीवरचे सिंह कोणाचे?

हेस्टिंग्जच्या लढाईत (१०६६) नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम मारला गेल्याची हूल उठली, तेव्हा त्याला शिरस्त्राण वर सारून सैन्याला तोंड दाखवावं लागलं. बायोच्या प्रसिद्ध भरतकामात हा प्रसंग आहे. ढालीवरून ओळख पटणं शक्य नव्हतं: तिथल्या ढालींवर चित्रं आहेत, पण ती घराण्याची खूण नव्हेत.

खूण वारशाने चालू लागली ती बाराव्या शतकात. आंजूच्या जेफ्रीला ११२८ मध्ये सासरे, इंग्लंडचे राजे पहिले हेन्री यांनी सोनेरी सिंहांची ढाल दिली, असं एक बखरकार सांगतो. मात्र त्याने ते लिहिलं जेफ्रीच्या मृत्यूनंतर. भक्कम पुरावा दगडातला: जेफ्रीचा अनौरस नातू विल्यम लाँगस्पे याच्या सॉल्झबरीतल्या समाधीवरही तसेच सिंह आहेत.

पुढे अशा चिन्हांसाठी नियम आले. रंगावर रंग नको, सोन्या-चांदीवर सोनं-चांदी नको. दुरून ओळख पटावी, इतका साधा व्यवहार. तेराव्या शतकात शेतकरी आणि शहरी कारागीरही चिन्हं वापरू लागले.

मग एकाच चिन्हावरून भांडणं अटळच. निळ्या ढालीवरच्या सोनेरी तिरप्या पट्ट्यासाठी स्क्रोप आणि ग्रोव्हनर हे दोन इंग्रज सरदार १३८५ पासून झगडले. साक्षीदारांत कवी चॉसरही होता. १३९० मध्ये निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला.