गोडं पाणी सुटतं कुठे?

उन्हाळ्यात ग्रीनलँडच्या काही हिमनद्यांच्या तोंडाशी समुद्र उकळतोय असंच वाटतं. पाणी बर्फासारखं गार, तरी खालून तपकिरी लोट उसळत असतात आणि त्या गढूळ पट्ट्यावर किटीवेक पक्षी तुटून पडलेले असतात. खोलातले बारके जीव लोटाबरोबर वर फेकले जातात, ते त्यांना आयतेच मिळतात.

वर येतं ते आणखीही काही. ध्रुवीय समुद्रातल्या वनस्पतिप्लवकांना, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या शेवाळांना, ऊन आणि खत दोन्ही लागतं. पंचाईत अशी की ऊन वर आणि खत खाली. मेलेलं सगळं तळाकडे जातं, तिथे कुजतं आणि त्यातलं नायट्रेट अंधारातच साठून राहतं. वसंतात वरच्या थरातलं नायट्रेट बघता बघता फस्त होतं. मग भर उन्हाळ्यात रात्र नावालाच उरते, ऊन भरपूर, पण खायला काही नाही.

अशा वेळी हिमनदीचं पाणी समुद्रात येतं. त्यात स्वतःचं नायट्रेट जवळजवळ नसतंच. मग त्याने समुद्र हिरवा व्हावा कसा?

सगळी गंमत ते सुटतं कुठे यात आहे. नूक शहराजवळच्या गॉटहॉब फ्योर्डमध्ये, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद, खोल खाडीत, काही हिमनद्या थेट समुद्रात उतरतात. बर्फाच्या माथ्यावर वितळलेलं पाणी भेगाभोकांतून तळाशी जातं आणि समुद्रपातळीच्या बरंच खाली, खाऱ्या पाण्यात बाहेर पडतं. गोडं पाणी हलकं. ते सुसाट वर निघतं आणि वाटेतलं, स्वतःच्या कितीतरी पट, खारं पाणी ओढून आणतं. नायट्रेट असतं ते याच पाण्यात. हिमनदी खत देत नाही, ती फक्त उपसा करते! ऐन तोंडाशी गाळामुळे ऊन शिरत नाही. गाळ बसल्यावर, पुढे, भर उन्हाळ्यात प्लवकांचा दुसरा बहर येतो.

ईशान्य ग्रीनलँडच्या यंग साउंडमध्ये हिमनद्या जमिनीवरच संपतात. तेच पाणी नदी होऊन वरून येतं आणि खाऱ्या पाण्यावर पसरून राहतं. खालचं नायट्रेट खालीच कोंडतं. तिथे बहर बेताचाच.

नायट्रेटवरच सगळं भागत नाही म्हणा. डायटम नावाच्या प्लवकांना काचेसारखं कवच घडवायला सिलिका लागते. ग्रीनलँडमध्ये ती हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठातून मिळते. दक्षिण महासागरात अडतं ते बहुधा लोहावर. 2009 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांबरोबर ‘लोहाफेक्स’ प्रयोगात तिथे लोहाचा क्षार टाकून पाहिला. प्लवक वाढले, पण डायटम फारसे नाहीत. त्या पाण्यात सिलिकाच संपलेली होती. जे वाढले त्यांतले बरेचसे कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या जीवांनी खाऊन टाकले.

ग्रीनलँडमध्ये हॅलिबट माशाची पकडही, समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या असलेल्या फ्योर्डांत जास्त आहे. या हिमनद्या आता मागे सरकताहेत. सध्या वितळणं वाढलं तर उपसाही वाढू शकतो. पण हिमनदीचं तोंड एकदा जमिनीवर गेलं, की पाणी कितीही वाढलं तरी ते वरूनच येणार, आणि गॉटहॉबची गत यंग साउंडसारखी होणार.