झाड लावलं, पुढे काय?

दर वर्षी ५ जून आला की सगळीकडे वृक्षारोपण होतं. खड्डा तयार, रोप तयार, प्रमुख पाहुणे तांब्याभर पाणी घालतात, फोटो निघतो, टाळ्या पडतात. पुढच्या वर्षी परत ५ जून, आणि पुष्कळदा खड्डाही तोच! मित्रांनो, हसण्याचा भाग सोडा, पण झाड लावायला एक दिवस पुरतो आणि ते जगवायला पहिली दोन-तीन वर्षं तरी कोणीतरी लागतं. हा 'कोणीतरी' म्हणजे नक्की कोण?

त्याआधी रस्त्यावरच्या झाडाचं दुखणं समजून घेऊ. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात मुळं सरळ खाली गेलेली दाखवतात. प्रत्यक्षात पाणी शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोनेक फुटांतच असतात आणि झाडाच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवाही लागते. आणि आपण काय करतो? फुटपाथ करताना थेट बुंध्यापर्यंत काँक्रीट ओततो. पाणी वरून वाहून गटारात जातं आणि मुळं खाली गुदमरतात.

मग केबलसाठी चर खणला जातो, एका बाजूची मुळं तुटतात. वर विजेच्या तारा नाहीतर होर्डिंग असतं, म्हणून एका बाजूच्या फांद्या छाटल्या जातात. फर्स्ट इयरचं मेकॅनिक्स आठवा. वजन एकीकडे झुकलं, आधार दुसरीकडे तुटला, म्हणजे बुंध्यापाशी मोमेंट किती वाढला? जूनमध्ये जोराचा वारा आला की असं झाड आडवं होतं. खाली कधी रिक्षा सापडते, कधी माणूस. मग सगळे म्हणतात, झाड धोकादायक होतं. त्याला धोकादायक कोणी केलं, हे कोणी विचारत नाही.

असं नाही की कायदा नाही. महाराष्ट्रात शहरांतली झाडं जपण्यासाठी १९७५ सालापासून कायदा आहे. त्याप्रमाणे महापालिकांमध्ये वृक्ष प्राधिकरण असतं, झाड तोडायला त्याची परवानगी लागते आणि दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना 'हेरिटेज' झाड म्हणून वेगळं स्थान मिळालं. काँक्रीटबद्दलही २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत आदेश दिला, की झाडाभोवती एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढा. म्हणजे नियम आहेत. पण कुऱ्हाड चालली की आवाज होतो, गुदमरण्याचा आवाज होत नाही. लाखो झाडांवर रोज नजर ठेवायला पालिका माणसं कुठून आणणार?

मग सगळं नागरिकांवर सोपवावं का? हा प्रयोग अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये झालेला आहे. तिथे रस्त्यावरच्या पुष्कळ झाडांची जबाबदारी समोरच्या घरमालकावर होती. ज्याच्याकडे पैसे आणि हौस होती त्याचं झाड छान, बाकीच्यांचं रामभरोसे. शेवटी नोव्हेंबर २०१६ मध्ये लोकांनी मतदान करून ही जबाबदारी शहराकडे दिली आणि त्यासाठी वर्षाला १ कोटी ९० लाख डॉलर राखून ठेवले. थोडक्यात, नुसतं सरकार पुरत नाही आणि नुसते नागरिकही पुरत नाहीत.

न्यूयॉर्कने कामाची वाटणी केली. तिथे दर दहा वर्षांनी रस्त्यावरची झाडं मोजतात. २०१५ च्या गणनेत दोन हजारांहून जास्त स्वयंसेवकांनी शहराच्या माणसांबरोबर फिरून नोंदी केल्या. एकूण झाडं निघाली ६,६६,१३४. पुढच्या वर्षी ही सगळी झाडं इंटरनेटवरच्या नकाशावर आली. आपल्या दारासमोरचं झाड शोधायचं आणि आज पाणी घातलं, माती मोकळी केली, अशी नोंद करायची. मोठ्या फांद्या कापणं, पडायला आलेलं झाड काढणं ही जोखमीची कामं मात्र शहराचीच.

मला वाटतं, भागीदारीचं खरं सूत्र हेच आहे. ज्या कामाला शिडी, करवत आणि अधिकार लागतो ते पालिकेचं. ज्या कामाला रोजची नजर लागते ते आपलं. आपल्याकडेही अशी सुरुवात झालेली आहे. पुण्यात 'आंघोळीची गोळी' या संस्थेने २०१८ च्या सुमारास झाडांवरचे खिळे काढायची मोहीम सुरू केली आणि तिच्यात सामान्य लोकच पक्कड घेऊन उतरले. खिळा सालीतून आत जातो तेव्हा झाडाचा जिवंत थर फाटतो, आणि त्या जखमेतून बुरशी व कीड आत शिरू शकते. एका क्लासच्या जाहिरातीसाठी ही किंमत फार झाली!

आता आपल्याबद्दल. कॉलेजच्या गेटपासून बसस्टॉपपर्यंतचा रस्ता आपण रोज चार वर्षं तुडवतो. सिव्हिलवाले सर्व्हेचं प्रॅक्टिकल करतातच, त्यांनी या रस्त्यावरची झाडं नकाशावर घ्यावीत. कॉम्प्युटरवाल्यांनी त्याची छोटी डेटाबेस बनवावी : झाडाची जात, बुंध्याचा घेर, काँक्रीट आहे का, खिळे किती, लोखंडी जाळी बुंध्यात रुतते आहे का. ही यादी फोटोंसकट वॉर्ड ऑफिसला द्यायची आणि दर महिन्याला जाऊन विचारायचं. नुसत्या तक्रारीपेक्षा नंबर घातलेली यादी टाळणं जास्त अवघड असतं. नवीन रोपांना उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा बादलीभर पाणी एवढं तर हॉस्टेलवाले सहज करू शकतात. फक्त काँक्रीट स्वतः फोडायला आणि फांद्या कापायला जाऊ नका, त्याला परवानगी आणि जाणकार माणूस दोन्ही लागतं.

आपली बॅच पास होऊन जाईल, म्हणून ही यादी दर वर्षी ज्युनिअर्सच्या हातात द्यायला हवी. सबमिशनच्या फाइल्स आपण इतक्या निष्ठेने पुढच्या बॅचला देतो, त्यात अजून एक फाइल काही जड होणार नाही.