सातासमुद्रापलीकडचे पळी-पंचपात्र

आश्विन पौर्णिमेची रात्र म्हणजे कोजागरी. 'को जागर्ति?' असे विचारीत श्रीलक्ष्मी या रात्री भूतलावर संचार करते, अशी आपली परंपरागत श्रद्धा आहे. लक्ष्मी आणि इंद्र यांचे पूजन, पोहे व नारळाच्या पाण्याचा नैवेद्य, घरातील ज्येष्ठ अपत्याचे औक्षण आणि शेवटी चांदण्यात ठेवलेले आटीव दूध, असा या रात्रीचा क्रम. त्या दुधाचे एक वैशिष्ट्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. पातेले एकच असते. पेले मात्र घरातल्या आणि शेजारच्या माणसांइतके असतात. एका पात्रातून अनेकांना, हाच या प्रसादाचा खरा अर्थ. तो मला ज्या पात्राने शिकविला, ते आपल्या देशातले नव्हते आणि आपल्या सणाचेही नव्हते.

माझा मुलगा अमेरिकेत ओहायो राज्यात राहतो. आमच्या सूनबाईंना जुनी काचेची भांडी जमविण्याचा छंद आहे. तिकडे घरातील वडीलधारे माणूस गेले किंवा वृद्धाश्रमात गेले, की त्या घरातील सामान विक्रीस मांडतात. चर्चच्या आवारातही जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. अशा ठिकाणांहून आणलेली भांडी तिच्या कपाटात ओळीने मांडलेली आहेत. त्यांत मोठा मान आहे तो 'पंच बोल'चा. लहानशा घंगाळाएवढे काचेचे पात्र, त्याखाली शंखाला असते तशी अडणी, सभोवार कानाचे छोटे पेले आणि वाढण्यासाठी लांब दांड्याची पळी. नाताळच्या दिवसांत तिकडची कुटुंबे या पात्राभोवती जमत. वर्षातून एकदोनदा ते बाहेर निघे आणि पुन्हा कपाटात जाई.

सन २०१९ च्या कोजागरीला आम्ही उभयता तेथे होतो. दूध आटत होते. सूनबाईंनी मोठ्या उत्साहाने त्यातलेच एक पात्र काढून पुसले. शेजारच्या वृद्ध बाईंनी ते तिला दिले होते. चाळीसहून अधिक नाताळ त्यांच्या घरी त्या पात्राने साजरे झाले होते. बारा पेल्यांपैकी एक त्यांच्याच हातून फुटला होता. मुलांना ते जड ओझे नको होते. "कपाटात ठेवू नकोस, माणसे बोलाव आणि वापर," एवढीच त्यांची अट होती. मी सहज विचारले, "नाताळात यात काय भरीत असत?" सूनबाई प्रामाणिकपणे म्हणाली, "दूध, अंडी, साखर आणि थोडे मद्य, बाबा." मी म्हणालो, "मग कोजागरीचे दूध यात नको. पुढे पाहू." ती एक शब्दही बोलली नाही. पात्र आत गेले आणि स्टीलचे पातेले बाहेर आले. थोड्या वेळाने शेजारच्या बाई आल्या. त्यांनी टेबलाकडे एकवार पाहिले. विचारले काहीच नाही. दूध घेतले, गोड हसल्या आणि घरी गेल्या.

ती रात्र मला रुतून बसली. आयुष्यभर कीर्तनाच्या पूर्वरंगात शुद्धाशुद्धीचे निरूपण केलेल्या माणसाने एका वाक्यात निकाल दिला, परंतु त्याचा आधार तपासला नाही. स्वदेशी परतल्यावर मी तो तपासू लागलो.

प्रथम शब्द पाहिला. इंग्रजीतला 'पंच' हा पेयवाचक शब्द आपल्या संख्यावाचक 'पञ्चन्'पासून आला, असे बहुतेक कोशकार मानतात. काहींना ते मान्य नाही, हेही सांगितले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावर होता. त्याचा प्रवासवृत्तांत सन १६९८ मध्ये प्रसिद्ध झाला. गोव्यातील नेरूल येथे उत्तम अर्क निघतो, त्यापासून इंग्रज लोक एक पेय करतात आणि पाच घटकांमुळे त्याला हिंदुस्थानी भाषेतील पाच या अर्थाचे नाव आहे, असे त्याने नोंदविले आहे. अर्क, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला हे ते पाच घटक, असे सामान्यतः सांगतात. पाच द्रव्ये एकत्र करण्याची कल्पना पंचामृत घेणाऱ्या आपल्या समाजाला नवी नाही. द्रव्ये निराळी, भाव निराळा. परंतु नाव मात्र बहुधा आपल्याच किनाऱ्यावरून जहाजात चढले. आपल्या देवघरात पळी-पंचपात्र असते आणि त्यांच्या दिवाणखान्यात पळीसह पंचाचे पात्र असते, हा योगायोग मला गमतीचा वाटला.

मग पात्र पाहिले. पूर्वी असली भांडी चांदीची किंवा चिनीमातीची असत आणि ती श्रीमंतांकडेच आढळत. अमेरिकेत १८२० नंतरच्या दशकात काच साच्यात दाबून भांडी करण्याचे यंत्र निघाले आणि सामान्य घरांनाही नक्षीदार काच परवडू लागली. श्रीमंतांसाठी हाताने पैलू पाडलेली काच होतीच. ओहायोतील टोलेडो शहरी लिबी नामक कारखानदाराने सन १८८८ मध्ये आपली भट्टी आणली. तेथे नैसर्गिक वायूचे इंधन विपुल होते. याच कारखान्याने सन १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनासाठी पैलूदार काचेचे एक पंचपात्र घडविले. त्याचे वजन शंभर पौंडांहून अधिक आहे. टोलेडोच्या कलासंग्रहालयाकडे असलेले हे पात्र दिव्याच्या उजेडात मंदिरातल्या झुंबरासारखे झळकते. विसाव्या शतकाच्या मध्यास मात्र खोक्यात भरलेले स्वस्त संच निघाले. एक पात्र, बारा पेले, ते काठाला अडकविण्याचे बारा आकडे आणि एक पळी, असे सव्वीस नग. लग्नात आहेर म्हणून हे संच घरोघर गेले. शेजारच्या बाईंचे पात्र याच जातीचे होते.

आता शास्त्राकडे वळू. काच आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हती. शतपथ ब्राह्मणात अश्वमेधाच्या प्रकरणी घोड्याच्या केसांत 'काच' ओवण्याचा उल्लेख आहे. काही विद्वान त्याचा अर्थ काचेचे मणी असा करतात, तर काही मोती असा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. धातूची, रत्नांची आणि पाषाणाची पात्रे भस्म, जल व मृत्तिका यांनी शुद्ध होतात, असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात मद्यादिकांचा स्पर्श झालेले मातीचे भांडे पुन्हा भाजले तरी शुद्ध होत नाही, असेही म्हटले आहे. हा भेद का? मातीचे भांडे सच्छिद्र असते. जे त्यात पडते, ते त्याच्या अंगात मुरते. धातू, रत्न आणि पाषाण यांच्या अंगी ते मुरत नाही. काच तर याबाबत रत्नाची सख्खी बहीण. माझ्या अल्प मतीप्रमाणे तिची गणना मातीत न करता मणि-पाषाणांत करावी. म्हणजे मी ज्याला कायमचे अशुद्ध ठरविले, ते पात्र स्वच्छ प्रक्षालनाने शुद्ध होणारे होते. देवाच्या अभिषेकासाठी मी आजही चांदीचेच पात्र घेईन. ती परंपरा आहे. परंतु मंडळींना प्रसादाचे दूध वाटण्यासाठी ते काचपात्र नाकारण्याचे कारण नव्हते. शास्त्र उदार होते; कृपणता माझ्या अपुऱ्या वाचनाची होती.

पुढील दोन वर्षे महामारीमुळे प्रवास घडला नाही. एका पात्रातून अनेकांनी पिणे हेच तेव्हा भयाचे झाले होते. सन २०२२ च्या कोजागरीला आम्ही पुन्हा ओहायोस गेलो. मी सूनबाईला म्हणालो, "ते पात्र काढ." तिने माझ्याकडे पाहिले आणि हळूच सांगितले, "बाबा, आजी मागच्या हिवाळ्यात गेल्या." शेजारच्या खिडक्या अंधारात होत्या. 'पुढे पाहू' या माझ्या दोन शब्दांची किंमत मला त्या क्षणी कळली.

दूध त्या पात्रात ओतले. अकरा पेले आणि पुरवणीला स्टीलची भांडी घेऊन सर्वांना वाढले. ज्या बाईंनी ते दिले, त्यांना मात्र ते पाहता आले नाही. मी मनोमन त्यांची क्षमा मागितली. सूनबाईची क्षमा मात्र सर्वांसमक्ष मागितली.

आपल्या घरीही जुनी काच असेल. ती वापरणार असाल तर सूनबाईंकडून शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. जुन्या जाड काचेत उकळते दूध ओतू नये. आतील बाजू एकाएकी प्रसरण पावते, बाहेरील थंडच राहते आणि भांडे तडकते. दूध कोमट झाल्यावरच ओतावे. जड, पैलूदार स्फटिकासारख्या काचेत बहुधा शिसे असते, म्हणून आंबट पदार्थ तीत साठवून ठेवू नयेत. जुन्या रंगीत चित्रांच्या दुधी काचेवरील रंगातही शिसे असू शकते. असे भांडे शोभेलाच ठेवावे. आणि काच धुताना घाईत कढत पाणी घेऊ नये.

वाचकहो, संग्रह करणे हा दोष नव्हे; विनियोगाविना संग्रह हा दोष आहे. आपल्या कपाटांतही आजीची घंगाळे, ओगराळी, चांदीच्या वाट्या वर्षानुवर्षे कापडात गुंडाळून पडलेल्या असतील. यंदाच्या कोजागरीला त्यातले एक तरी पात्र बाहेर काढा. ते ज्यांनी दिले, ते हयात असतील तर त्यांना प्रथम बोलवा. 'पुढे पाहू' असे म्हणू नका. लक्ष्मी 'कोण जागे आहे?' असे विचारते, तेव्हा ती केवळ उघड्या डोळ्यांविषयी विचारीत नसावी.